बाहेरून लावलेली कडी

पूर्णेच्या रेल्वेत फिटर असलेला एक माणूस आमच्या ठाण्याची पायरी चढून आला, ती सकाळ इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोळा नुकताच झाला होता. हजेरी आटोपून शिपाई आपापल्या बीटवर निघाले होते. मी टपालावर सह्या करत होतो आणि बाहेर ठाणे अंमलदार कुणाची तरी समजूत घालत होता, "बाबा, आता बरा हायेस ना? मग घरी जा. औषध घे अन् पडून ऱ्हा."

मी आवाज दिला तेव्हा अंमलदार एकटाच आत आला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "साहेब, काही न्हाई. येड्याच्या दवाखान्यातून सुटून आलाय. खबर द्यायचीय म्हनतो."

"मग आत पाठव."

"साहेब, येडं मानूस हाय."

"सुटून आलाय म्हणतोस ना? मग पाठव."

पोलिसात खबर देणारा कोण आहे हे आधी बघायची सवय लागते. दारुडा, भांडकुदळ, खोटी फिर्याद करणारा, अशी माणसं दारातच ओळखू येतात. हा माणूस त्यातला नव्हता. इस्तरीचा सदरा, दाढी केलेली. बसा म्हटल्यावर बसला आणि कुणी विचारण्याआधी स्वतःच म्हणाला, "साहेब, मी आजारी होतो हे आदी सांगतो. न्हाईतर मागून कुणी सांगितलं की तुमचा इस्वास उडंल."

मग त्याने आपली हकिकत सांगितली. इंजिनाखाली काम करताना त्याला नाव घेऊन हाका मारल्यासारख्या ऐकू यायच्या. झोप गेली. रेल्वेच्या डॉक्टरांनी दूरच्या शहरातल्या मनोरुग्णालयाचं नाव सांगितलं. मराठवाड्यात तेव्हा तशी सोय नव्हती. बायकोला घेऊन तो आपल्या पायांनी तिथे गेला, आपल्या सहीने भरती झाला आणि काही महिन्यांनी आपल्याच सहीने बाहेर पडला. नोकरी शाबूत होती, पास होता, स्टेशनवर उतरवून घ्यायला सोबती आले होते.

"पण साहेब, तितं आपल्याकडली एक बाई हाय. चुडाव्याच्या पल्याडची. तिला कुणी सोडंना."

बरे होत आलेल्या पुरुषांना तिथे भाजीच्या मळ्यात काम देत. तारेच्या कुंपणापलीकडे बायका भाजी निवडत. एक दिवस हा आपल्या जोडीदाराला म्हणाला, "अरे, काय करायलास?" पलीकडून एकदम एक बाई उठून तारेपाशी आली.

"मला म्हनली, ओ दादा, तुमी परभनीकडले का? लय दिवसांनी आपल्याकडलं बोलनं ऐकलं. अन् रडाया लागली. मग रोज दोन शब्द बोलायची. तिचं म्हननं येकच. माझ्या थोरल्या भावजींनी गुरुजींचं घर पेटवलं. म्हातारी आत हाय, म्हातारी आत हाय म्हनून मी वरडले, तरी त्यांनी कडी लावली. बाहेरून लावली. तिथले लोक म्हनायचे, हेच तिचं येड हाय."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

माझी त्या ठाण्यात बदली होऊन फार दिवस झाले नव्हते, पण तो गुन्हा मला माहीत होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर आमच्या भागात जे पेटलं, त्यात त्या गावातल्या एका बौद्ध शिक्षकाचं घर जळालं आणि त्यांची म्हातारी आई आत जळून मेली. संशय गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यावर होता. ठराव झाल्यावर गुरुजींनी शाळेतल्या पोरांना पेढे वाटले, त्याचा त्याला राग होता, हे सगळा गाव जाणत होता. पण साक्ष द्यायला एकही माणूस पुढे आला नाही. शेवटी गुन्हा खरा, आरोपी अज्ञात, असा शेरा मारून अ समरी मंजूर झाली होती. पोलिसांच्या भाषेत तपासावर माती पडली होती.

त्या शेतकऱ्याच्या धाकट्या भावाची बायको त्याच सुमारास गावातून नाहीशी झाली, हेही माझ्या कानावर होतं. ती कुणाचा तरी हात धरून पळून गेली असं घरच्यांनी सांगितलं होतं. बाई पळून गेली म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत. माहेरचेही शरमेनं शोध घेत नाहीत.

"आणखी काही बोलली का ती?" मी विचारलं.

फिटर जरा ओशाळला. "तसं कामाचं काही न्हाई, साहेब. मी निघताना म्हनली, आमच्याकडं कुनी भेटलं तर इचारा, तांबडी गाय गाभन होती, तिला काय झालं."

त्याला चहा पाजून मी घरी पाठवलं. अंमलदाराला बजावलं की यातला एक शब्द बाहेर गेला तर मुख्यालयात परेड करायला पाठवीन.

गुरुजींची बदली तोवर परभणीला झाली होती. मी साध्या कपड्यात त्यांच्या घरी गेलो. कमी बोलणारे, स्वच्छ अक्षरासारखं बोलणारे गृहस्थ. मी त्यांना फिटरबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "त्या संध्याकाळी तुम्ही घराशी पोचलात, तेव्हा दार कसं होतं?"

 त्यांनी दोन्ही हात उलटे करून तळवे माझ्यासमोर धरले. कातडी आखडून चकचकीत झाली होती.

"कडी बाहेरून होती, साहेब. तापून लाल झालेली. ती काढताना हे झालं. त्या वेळच्या साहेबांनी मला सांगितलं होतं, ही गोष्ट बाहेर बोलू नका, कधी खरा साक्षीदार मिळालाच तर हीच त्याची खूण ठरेल. मी आजवर बायकोपाशीसुद्धा बोललो नाही."

गावाला कडी ठाऊक नव्हती. गुरुजींना ठाऊक होती, ज्याने लावली त्याला ठाऊक होती, आणि शेकडो मैलांवर तारेच्या कुंपणामागे भाजी निवडणाऱ्या एका बाईला ठाऊक होती. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो, पण मला काही दिसत नव्हतं. साक्षीदार जिवंत होता.

बाईची थोरली बहीण चारठाण्याला, जुन्या देवळांच्या मागच्या आळीत दिली होती. मी माझ्या जमादाराला तिच्याकडे पाठवलं. तो गंभीर, वयस्क माणूस. बायामाणसांशी अदबीनं बोलणारा. तो परत आला तो त्या बहिणीला बरोबर घेऊनच.

"माजी बहीन पळून जानारी न्हाई, हे मी पयल्या दिवसापासून सांगत होते," ती म्हणाली. "पन ऐकतंय कोन? मला सांगा साहेब, ती हाय का? येवडंच सांगा."

"आहे," मी म्हणालो.

ती पदर तोंडात धरून भिंतीशी बसली.

आता प्रश्न होता तिला बाहेर काढण्याचा. आमच्या सरकारी वकिलांनी कायदा समजावून सांगितला. आपल्या मर्जीने आलेला रुग्ण आपल्या मर्जीने जाऊ शकतो. पण नातेवाइकाच्या अर्जावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने ज्याला ठेवलंय, त्याला न्यायला सहसा तोच अर्जदार यावा लागतो. फौजदारीचा हिसका दाखवून मी तिला न्यायालयात हजर करू शकत होतो, पण साक्ष संपली की ती पुन्हा तिथेच. शिवाय कागदोपत्री ती वेडी. अशा साक्षीचं बचावाचा वकील काय करील, हे सांगायला नको. मला ती मोकळी हवी होती, आणि तिच्या घरच्याच माणसानं ती बरी आहे म्हणून नेलेली हवी होती. म्हणजे नवरा हवा होता.

थोरला भाऊ बाजार समितीच्या कामाला परगावी गेलेला बघून मी धाकट्याला ठाण्यात बोलावलं. दुपारची वेळ. अंगानं धिप्पाड, पण नजर जमिनीला खिळलेली. थोरल्यापुढे कधी मान वर न केलेला माणूस. अशा माणसावर ओरडून काही मिळत नाही. त्याच्यावर आयुष्यभर कुणीतरी ओरडतच आलेलं असतं. मी जबाब लिहिणाऱ्या रायटरला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"बायको कुठं आहे?"

"पळून गेली, साहेब."

"कुणाबरोबर?"

"ते... मला काय म्हाईत."

"पळून जायच्या आधी तिची तब्येत कशी होती?"

"तब्येत... तब्येत तशी..." खोटं पाठ केलेल्या माणसाला न शिकवलेला प्रश्न विचारला की तो असाच अडतो. मी घाई केली नाही. चहा मागवला. त्याने कप उचलला, तेव्हा मी म्हणालो, "तिचा निरोप आहे तुला. विचारलंय, तांबडी गाय गाभण होती, तिला काय झालं?"

कप बशीवर आपटला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लहान मुलासारखा वाकडा झाला.

"कालवड झाली," तो म्हणाला. "कालवड झाली, साहेब. आता तीबी व्यायला आलीय." आणि हुंदके देऊन रडायला लागला.

मग सगळं बाहेर आलं. त्या संध्याकाळी बायको गुरुजींच्या घराकडच्या गोठ्यामागे शेण्या काढत होती. तिने सगळं पाहिलं, ओरडली. हा धावत गेला तोवर थोरला रॉकेलचा डबा घेऊन परतत होता. त्या दिवसापासून तिने अन्न टाकलं. झोपेतून किंचाळत उठायची. घरातल्या प्रत्येकाला म्हणायची, कडी काढा, कडी काढा. थोरल्याला तेच हवं होतं. दोन डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि डोक्यावर परिणाम झाला असं लिहून दिलं. डॉक्टरांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. जे तिने पाहिलं होतं, ते पाहून कुणाचंही डोकं ठिकाणावर राहिलं नसतं. ती किंचाळते कशानं, हे मात्र कुणी विचारलं नाही. अर्जावर नवऱ्याचा अंगठा घेतला. गावात सांगितलं, पळून गेली.

"मी तिला गाडीत बसवताना म्हनलं हुतं, बरी झालीस की न्यायला येतो. दादानं जाऊ दिलं न्हाई."

"आता जा. तूच घातलंयस, तूच काढू शकतोस. कायदाच तसा आहे."

"दादा जित्ता सोडंल का मला?"

"तुझा दादा आता माझ्याकडं लागला," मी म्हणालो. "तू माझ्या ठाण्यात नीज, माझ्या डब्यातलं जेव. पण उद्या गाडीत बस."

तो बसला. परभणीहून मागवलेली महिला शिपाई, चारठाण्याची बहीण, नवरा आणि मी, असे चौघे निघालो. न्यायालयाला कळवून तपास पुन्हा उघडल्याचा कागद माझ्या खिशात होता.

मनोरुग्णालयाचे डॉक्टर माझ्याच वयाचे होते. मी ताठ मानेने जाब विचारायच्या तयारीने गेलो होतो, पण त्यांनी मला बसवून स्वतःच सांगितलं, "ही बाई केव्हाच बरी झाली आहे. आम्ही घरी दोनदा कळवलं. कुणी आलं नाही. फौजदारसाहेब, आमच्या पुरुषांच्या वॉर्डात बघा. भाऊ भेटायला येतो, बायको डबा घेऊन येते, कारखाना नोकरी राखून ठेवतो. बरा झाला की गेला. आता बायकांच्या वॉर्डात चला. विधवा, टाकलेली, मूल नसलेली, जमीन नावावर असलेली, रस्त्यावर सापडलेली. ह्यांना कुणी विचारून आणलेलं नाही, आणि बऱ्या झाल्या तरी ह्यांना कुणी विचारत नाही. आजार सारखाच असतो हो. पण कोण स्वतः येतो आणि कोण आणला जातो, हे आजारावर ठरत नाही."

मी वहीत टिपणं काढायला गेलो होतो. वही मिटून ठेवली.

बाईंना बाहेर आणलं. सरकारी पांढरं लुगडं, कापलेले केस, हात पदरात. आधी बहिणीला पाहिलं. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"आलाव का?" त्या म्हणाल्या. "लय उशीर केला."

तो त्यांच्या पायाशी वाकला. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे, पण घेतले.

मी माझी ओळख सांगितली, आणि का आलो तेही. बाई ताठ झाल्या. "साहेब, मला घरी न्याच्या आदी जबाब घ्या. मी येवडे दिवस त्येच सांगायलेय."

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्यांचा जबाब झाला. लगेच मी पथक घेऊन गावात गेलो. थोरला ओट्यावर पान लावत बसला होता. मी वॉरंट आणि खबर वाचून दाखवली, तसा हसला. चार लोक जमलेले बघून आवाज चढवून म्हणाला, "साहेब, येड्या बाईच्या गवाहीवर मला न्यायलाव का? अन् खबर दिली म्हनं ती बी येड्यानंच. येडे समदे तुमच्याच ठान्यात भरती झाले का काय?"

लोक हसले नाहीत. ही मला मोठी गोष्ट वाटली. मी जमादाराला बेड्या घालायची खूण केली. चावडीवरून जाताना एक म्हातारा शेतकरी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, डबा घेऊन जाताना म्या बी पायलं हुतं. लिहून घ्या." एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला वाट सापडते. संध्याकाळपर्यंत आणखी दोन जबाब झाले.

खटला परभणीला सत्र न्यायालयात चालला. बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या त्या दिवशी बसायला जागा नव्हती. गुरुजी शेवटच्या बाकावर होते. न्यायाधीशांनी आधी स्वतःच दोन-चार साधे प्रश्न विचारले. कुठे राहता, आज इथे कशाला आलात, खोटं बोललं तर काय होतं? बाईंनी नीट उत्तरं दिली. न्यायाधीशांनी साक्ष घ्यायला हरकत नाही असा शेरा लिहिला. बाईंनी पाहिलेलं सगळं सांगितलं, डब्यापासून कडीपर्यंत. मग बचावाचे वकील उठले. नावाजलेले होते. त्यांनी एकच प्रश्न खूप फिरवून विचारला.

"तुम्ही वेड्यांच्या इस्पितळात होता, हे खरं की नाही?"

"खरं हाय."

"म्हणजे तुम्ही वेड्या होता."

"आजारी होते. बरी झाले."

"मग जे दिसलं म्हणता, ते आजारपणातच दिसलं असेल."

बाईंनी मान वर केली. त्या आवाजात राग नव्हता, पण सगळ्या दालनात तो लख्ख ऐकू आला.

"न्हाई, वकीलसाहेब. आजारी पडले म्हनून मला ते दिसलं न्हाई. ते पायलं म्हनून मी आजारी पडले."

वकील खाली बसले.  नंतर नवऱ्याची साक्ष झाली, त्या म्हाताऱ्याची झाली, डॉक्टरांची झाली. फिटरलाही बोलावलं होतं. तोही पिंजऱ्यात आपलं आजारपण आधी सांगूनच बोलला.

थोरल्याला जन्मठेप झाली. वर अपील झालं, तेही टिकलं नाही. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात, निंबाखाली, गुरुजी बाईंसमोर आले.  त्यांनी ते दोन्ही हात जोडले. बाईंनी ते हात आपल्या हातात घेतले, सगळ्या लोकांदेखत, आणि म्हणाल्या, "गुरुजी, मी लय वरडले हुते. तुमच्या आईला ऐकू गेलं असंल का?"

"गेलं असेल," गुरुजी म्हणाले. "नक्की गेलं असेल."

माझ्या जमादाराने टोपी काढून डोळे पुसले. मीही दुसरीकडे बघत होतो. त्या दिवशी आम्ही ठाण्यात परतलो तेव्हा अंमलदाराने, न सांगता, सगळ्यांसाठी जिलेबी आणून ठेवली होती.

त्या गुन्ह्याबद्दल मला बक्षीस मिळालं, शेरा मिळाला. पण त्याने शिकवलं ते त्याहून मोठं होतं. त्यानंतर माझ्या हद्दीत कुणी एखाद्याला दोरीने बांधून आणून "साहेब, याला येड लागलंय, हुकूम घ्या" म्हणालं, की मी आधी दोरी सोडायला लावायचो. मग आणणाऱ्याला बाहेर बसवून त्या माणसाला विचारायचो, काय झालं ते तू सांग. कित्येकदा खरोखर आजारच असायचा आणि मी स्वतः गाडीत बसवून दवाखान्यात पाठवायचो. तिथे गेलेली माणसं बरी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आजारी माणूस खोटंच बोलतो असं मी पुन्हा कधी धरून चाललो नाही. माझ्या नोकरीतली सगळ्यांत खरी खबर एका बऱ्या झालेल्या माणसाने दिली होती आणि सगळ्यांत खरी साक्षही.

बाई सासरी परतल्या नाहीत. चारठाण्याला बहिणीच्या शेजारी खोली घेऊन राहिल्या, अंगणवाडीत कामाला लागल्या. नवरा अधूनमधून भेटायला जायचा. दारात बसून, पाणी पिऊन परत यायचा.

माझी तिथून बदली व्हायच्या सुमारास त्या एकदा ठाण्यात आल्या. म्हणाल्या, "साहेब, येक काम हाय. मी हुते त्या दवाखान्यात येक म्हातारी हाय. लय दिवसांची बरी झालीय. घरचं कुनी येत न्हाई. मी आनते. मला आनता येतं का?"

मी सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नातेवाईकच पाहिजे असं नाही. सांभाळायची हमी देणारा कुणी हितचिंतकही नेऊ शकतो, मात्र दंडाधिकाऱ्यांची खात्री पटायला हवी. अर्ज मी स्वतः लिहून दिला आणि रजा टाकून बरोबर गेलो.

दंडाधिकारी साहेबांनी म्हातारीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचं यांच्याशी नातं काय?"

"शेजारीन हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "तिच्या बाजूच्या खाटंवर मी हुते."

साहेबांनी क्षणभर पेन थांबवलं. मग सही केली.